न झालेल्या उड्डाणांचा इतिहास

'स्कायलॅब' हा शब्द महाराष्ट्रातील एका पिढीच्या स्मरणात आहे तो एका धास्तीमुळे. जुलै १९७९मध्ये हे निकामी झालेले अमेरिकी अवकाशस्थानक पृथ्वीवर कोसळणार, पण नेमके कोठे ते कोणासच सांगता येत नाही, अशा बातम्या येत होत्या आणि आकाशाकडे पाहण्याची एक निराळीच रीत काही दिवस आपल्याकडे रूढ झाली होती. ११ जुलैला स्कायलॅबचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या भागात विखुरले, भीती ओसरली आणि मागे उरला तो केवळ एक शब्द. याच स्कायलॅबने सहा वर्षांपूर्वी, १९७३च्या ऑगस्ट महिन्यात, अगदी वेगळा पेच उभा केला होता, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. तेव्हाचा प्रश्न स्कायलॅब खाली पडण्याचा नव्हता. तिच्यातील तीन माणसे खाली येऊ शकतील की नाही, हा होता.

अवकाशप्रवासाचा इतिहास आपण उड्डाणांच्या क्रमांकांनी मांडत आलो आहोत. अमुक क्रमांकाचे यान गेले, तमुक दिवशी परतले, मध्यंतरी हे हे घडले. कक्षेत अडकलेल्या माणसांना सोडवून आणण्याच्या योजनांना या मांडणीत जागा मिळत नाही, कारण तो जवळजवळ सगळाच न झालेल्या उड्डाणांचा इतिहास आहे. यान तयार झाले, माणसे नेमली गेली, सराव झाला आणि उड्डाण रद्द झाले. आम्हांस या कागदावरच्या उड्डाणांत रस वाटतो, तो त्यांतील यंत्रविद्येपेक्षा दुसऱ्याच एका कारणासाठी. एखादी संस्था आपल्या माणसांवरील संकटाकडे पाहावयास कितपत तयार आहे, हे तिच्या यशस्वी मोहिमांतून दिसत नाही. ते अशा कागदांतून दिसते.

आरंभीच्या काळात असे कागदही नव्हते. मर्क्युरी किंवा व्होस्तोकसारख्या यानात बसलेला माणूस एकटा असे, आणि वेग कमी करणारी इंजिने पेटली नाहीत तर त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचू शकेल असे दुसरे यान पृथ्वीवर सज्ज नसे. हा धोका आधी ओळखला तो कादंबरीकारांनी. मार्टिन केडिन या अमेरिकी लेखकाची 'मरून्ड' ही कादंबरी १९६४ची. कक्षेत अडकून पडलेला एकटा अंतराळवीर आणि त्याचा संपत चाललेला प्राणवायू, हा तिचा विषय. १९६९च्या अखेरीस जॉन स्टर्जेस यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि त्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १९७०मध्ये, अपोलो १३ची दुर्घटना घडली. तेथेही पृथ्वीवरून कोणी मदतीस जाऊ शकत नव्हते. ती तीन माणसे परतली ती स्वतःच्याच चांद्रयानाचा नौकेसारखा उपयोग करून.

चंद्रावर उतरणाऱ्यांसाठी तर आपत्कालीन योजना म्हणून जे उपलब्ध होते ते एक भाषण होते. विल्यम सफायर यांनी १८ जुलै १९६९ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी ते लिहून ठेवले. आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन यांना चंद्रावरून उठता आले नाही, तर ते जिवंत असतानाच राष्ट्राला काय सांगावयाचे, हा त्याचा विषय. भाषणापूर्वी राष्ट्राध्यक्षांनी त्यांच्या पत्नींना दूरध्वनी करावा, आणि संपर्क तोडल्यानंतर धर्मगुरूंनी समुद्रात दफन करतानाचा विधी करावा, अशा सूचनाही त्यात होत्या. हा कागद पुढे तीसएक वर्षांनी लोकांसमोर आला तेव्हा त्याच्या भाषेचे पुष्कळ कौतुक झाले. आम्हांस त्यात भाषेइतकीच हिशेबाची स्पष्टता जाणवते. सोडवता येणार नाही हे आधीच ठाऊक होते आणि ते कोणापासून लपवलेले नव्हते. चंद्रावर जाणाऱ्यांपासून तर नाहीच.

स्कायलॅबपाशी ही परिस्थिती पहिल्यांदा बदलली. येथे माणसे कित्येक आठवडे राहणार होती, अन्नपाण्याचा साठा मोठा होता, आणि त्यांना घेऊन आलेले अपोलो यान स्थानकाला जोडलेले राहणार होते. ते यान बिघडले, तर राहावयास घर आहे पण घरी परतावयास वाहन नाही, अशी स्थिती होणार. म्हणून स्कायलॅब वर जाण्याच्या आधीच नासाने सुटकेची योजना आखली. स्थानकाला यान जोडण्यासाठी दोन दारे होती, एक टोकाला आणि एक बाजूला. त्यामुळे पहिले यान निकामी होऊन चिकटून राहिले तरी दुसऱ्याला येता येणार होते. अपोलोच्या कमांड मॉड्यूलमध्ये तिघांची सोय असे. त्यातील सामानाचे कप्पे काढून खालच्या बाजूला आणखी दोन आसने बसवावयाची, दोघांनी वर जावयाचे आणि पाच जणांनी परत यावयाचे, असा बेत होता. एका छोट्या मोटारीत पाच माणसे कोंबून लग्नाला नेण्यासारखाच हा प्रकार, पण तो बारकाईने मोजूनमापून केलेला होता.

२८ जुलै १९७३ रोजी ॲलन बीन, ओवेन गॅरियट आणि जॅक लौस्मा हे स्कायलॅबवर निघाले. त्यांच्या यानाची दिशा सांभाळणारी छोटी इंजिने चार गटांत बसवलेली होती. स्थानकाजवळ पोहोचतानाच त्यातील एका गटातून गळती सुरू झाली आणि तो बंद करावा लागला. २ ऑगस्टला दुसऱ्या गटातही गळती दिसून आली. खिडकीबाहेर हिमकणांसारखे काहीतरी चमकत उडताना अंतराळवीरांनी पाहिले. उरले दोन गट. दोन्ही गळत्यांचे मूळ एकच असेल, म्हणजे इंधनद्रव्यच दूषित असेल, तर उरलेल्या दोन गटांचाही भरवसा नव्हता.

त्यानंतर जे झाले ते आम्हांस या सबंध विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण वाटते. केप कॅनव्हरल येथे कामाच्या पाळ्या वाढल्या. पुढच्या तुकडीसाठी ठेवलेला सॅटर्न १बी प्रक्षेपक आणि त्यावरील यान ऑगस्टच्या मध्यावर प्रक्षेपणमंचावर नेऊन उभे करण्यात आले. सुटकेसाठी व्हान्स ब्रँड आणि डॉन लिंड यांची नावे होती. दोघांनीही तोपर्यंत एकही उड्डाण केलेले नव्हते. लिंड तर १९६६पासून अंतराळवीरांच्या तुकडीत होते आणि अपोलोच्या चांद्रमोहिमा आटोपत्या घेतल्या गेल्यामुळे त्यांची संधी हुकली होती. आता दैवाने त्यांच्यापुढे एक उड्डाण आणून ठेवले होते.

परंतु याच दोघांकडे आणखी एक काम होते. बिघडलेल्या यानातूनच, उरलेल्या दोन गटांवर भिस्त ठेवून, बीन आणि त्यांचे सहकारी सुखरूप परतू शकतील का, हे सिम्युलेटरमध्ये बसून तपासावयाचे होते. त्यांनी ते तास न् तास तपासले. यान कसे वळवावे, कोणती इंजिने कोणत्या क्रमाने वापरावीत, आणखी एक गट गेला तर काय करावे, याच्या पद्धती बसवल्या. तोवर गळत्यांचाही उलगडा होत गेला. दोन्ही बिघाडांचे कारण सामाईक नाही असे तज्ज्ञांचे मत झाले. निष्कर्ष निघाला की तिघेही आपल्याच यानातून परतू शकतात. ब्रँड आणि लिंड यांनी आपल्या कौशल्याने आपलेच उड्डाण रद्द करून टाकले. २५ सप्टेंबरला, ५९ दिवसांच्या मुक्कामानंतर, बीन आदी मंडळी प्रशांत महासागरात उतरली.

सुटकेसाठी उभा केलेला तोच प्रक्षेपक नोव्हेंबरात पुढच्या तुकडीसाठी वापरण्याचे ठरले, तेव्हा त्याच्या तळाच्या पंखांना बारीक तडे गेलेले आढळले आणि आठही पंख बदलावे लागले. सोडवावयास जाणारे यानही शेवटी यानच असते, हे ध्यानात ठेवावयास हवे. पुढे त्याचा संबंध येणार आहे. ब्रँड १९७५मध्ये अवकाशात गेले. लिंड यांना आणखी वाट पाहावी लागली. एप्रिल १९८५मध्ये चॅलेंजर यानातून ते प्रथम कक्षेत पोहोचले, तेव्हा निवड होऊन १९ वर्षे झाली होती.

ब्रँड यांचे १९७५चे उड्डाण म्हणजे अपोलो आणि सोयुझ यांची भेट. राजकारणाचा भाग सोडला तर तिच्यामागचे एक कारण सुटकेचेच होते. १९६८च्या आंतरराष्ट्रीय कराराने संकटातील अंतराळवीरांना साहाय्य करण्याचे बंधन राष्ट्रांनी स्वीकारले होते. पण त्या कराराचा रोख मुख्यतः जमिनीवर आणि समुद्रात उतरलेल्यांकडे होता. कक्षेत एकमेकांना मदत करावयाची तर आधी दोघांच्या यानांची दारे जुळावयास हवीत, आणि ती जुळत नव्हती. 'मरून्ड' चित्रपटात एक सोव्हिएत अंतराळवीर अडकलेल्या अमेरिकनांच्या मदतीला येतो. १९७०मध्ये मॉस्कोला गेलेल्या अमेरिकी विज्ञान अकादमीच्या अध्यक्षांनी, फिलिप हँडलर यांनी, तेथील शास्त्रज्ञांना हे कथानक ऐकवले आणि त्याचा तेथे परिणाम झाला, अशी नोंद आहे. एका सामान्य चित्रपटाने मुत्सद्देगिरीला हातभार लावल्याचे हे विरळ उदाहरण म्हणावे लागेल.

सोव्हिएत पद्धत मात्र मुळातच निराळी होती. तिला नाट्याचे वावडे. स्थानकाला जोडलेले सोयुझ यान हीच जीवरक्षक नौका, आणि ती नादुरुस्त वाटली तर दुसरी रिकामी पाठवून द्यावयाची. एप्रिल १९७९मध्ये सोयुझ ३३चे मुख्य इंजिन ऐनवेळी बिघडले आणि रुकाविश्निकोव्ह व बल्गेरियाचे इव्हानोव्ह स्थानकावर न पोहोचताच राखीव इंजिनावर कसेबसे परतले. त्याच जातीचे इंजिन असलेले यान सॅल्युत ६ला जोडलेले होते. तेथे ल्याखोव्ह आणि र्‍युमिन राहत होते. जूनमध्ये सोयुझ ३४ रिकामे वर गेले आणि ऑगस्टमध्ये हे दोघे त्यातून उतरले. तब्बल ४४ वर्षांनी हाच प्रयोग पुन्हा झाला. डिसेंबर २०२२मध्ये सोयुझ एमएस-२२चे शीतकद्रव्य गळून गेले, फेब्रुवारी २०२३मध्ये एमएस-२३ रिकामे पाठवले गेले, आणि सहा महिन्यांसाठी गेलेले प्रोकोप्येव्ह, पेतेलिन आणि रुबिओ हे तिघे ३७१ दिवसांनी परतले.

आता कोलंबियाकडे वळू. आमच्या विवेचनाचा सगळा भार या प्रकरणावर आहे.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान सात जणांना घेऊन निघाले. कर्नालच्या कल्पना चावला त्यांच्यात होत्या. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरील इंधनटाकीवरील फोमचा, पाऊण किलोच्या आसपास वजनाचा, एक तुकडा निखळून डाव्या पंखाच्या पुढील कडेवर आदळला. दुसऱ्या दिवशी चित्रफिती पाहताना तो अभियंत्यांच्या दृष्टीस पडला. आघात किती खोल आहे हे त्या चित्रांतून कळत नव्हते. म्हणून लष्कराच्या साधनांनी कक्षेतील यानाची छायाचित्रे घ्यावीत, अशी विनंती त्यांच्यातून वेगवेगळ्या मार्गांनी तीनदा झाली. तिन्ही विनंत्या वाया गेल्या. २१ जानेवारीच्या व्यवस्थापन बैठकीत जो सूर निघाला त्याचा आशय असा, की याबाबतीत आपल्याला विशेष काही करता येण्यासारखे नाही, तेव्हा चालू मोहिमेपुरता हा मुद्दा उरत नाही. २३ जानेवारीला यानातील प्रमुखांना संदेश गेला, की फोम आदळल्याची नोंद आहे पण परतीच्या दृष्टीने चिंतेचे कारण नाही. १ फेब्रुवारीला, उतरण्यास सुमारे १६ मिनिटे असताना, यान टेक्सासवर विखुरले.

नंतर नेमलेल्या चौकशी मंडळाने एक विलक्षण गोष्ट केली. हानी वेळीच कळली असती तर काय करता आले असते, याचा हिशेब त्याने नासाकडूनच मागवला. उत्तर आले ते असे. अटलांटिस यान १ मार्चच्या उड्डाणासाठी तयार होत होते आणि त्याची मुख्य इंजिने बसवून झाली होती. अहोरात्र काम केले असते तर आवश्यक चाचण्यांपैकी एकही न गाळता ते १० फेब्रुवारीला उडू शकले असते. इकडे कोलंबियातील मंडळींनी हालचाल कमीत कमी ठेवली असती, तर कर्बवायू शोषणारी रसायने १५ फेब्रुवारीच्या सकाळपर्यंत पुरली असती. मध्ये पाच दिवस. चौघांना घेऊन गेलेले अटलांटिस कोलंबियाच्या समोर, सामानकक्षाकडे सामानकक्ष करून, कित्येक तास तरंगत राहिले असते आणि अंतराळपोशाख चढवून एकेक जण पलीकडे गेला असता. रिकामे कोलंबिया समुद्रात बुडवावे लागले असते. आंतरराष्ट्रीय स्थानकाचा आसरा घेणे मात्र शक्य नव्हते. कोलंबियाची कक्षा विषुववृत्ताशी ३९ अंशांचा कोन करणारी होती, स्थानकाची ५१.६ अंशांचा, आणि एवढे वळण घेण्याइतके इंधन यानात नव्हते.

ही सुटका यशस्वी झालीच असती, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मंडळानेही तिला शक्य पण अतिशय अवघड मानले. शिवाय अटलांटिसलाही तसलीच इंधनटाकी, तसलाच फोम. म्हणजे ज्या दोषाने सात जण संकटात सापडले त्याच दोषाच्या तोंडी आणखी चौघांना द्यावयाचे. हा निर्णय कोणी घेतला असता, हे आरामखुर्चीत बसून ठरवण्याचा अधिकार आम्हांस नाही. १९७३ आणि २००३ यांची सरळ तुलनाही अन्यायाची ठरेल. स्कायलॅबमध्ये भरलेले कोठार होते, वेळ होता, जोडणीचे दुसरे दार होते. कोलंबियात यांपैकी काहीच नव्हते.

तरीही एक फरक उरतोच, आणि तो साधनांचा नाही. १९७३मध्ये सोडवण्याची तयारी सुरू झाली म्हणून बिघाडाचा कसून अभ्यास झाला, आणि त्या अभ्यासातूनच सोडवावयास जाण्याची गरज नाही हे कळले. योजना कामी आली नाही असे वरवर दिसते. वस्तुतः ती पुरेपूर कामी आली. २००३मध्ये क्रम उलटा लागला. उपाय नाही, हे उत्तर आधी ठरले आणि म्हणून पाहण्याची गरज उरली नाही. उपाय होता की नव्हता हे पुढच्या सहा महिन्यांत कळले, ते मृत्यूनंतर. फोमने खरोखर काय होऊ शकते हेही ७ जुलै २००३च्या चाचणीतच दिसले. सॅन अँटोनिओच्या प्रयोगशाळेत पंखाच्या तशाच तुकड्यावर फोम झाडला, तेव्हा सुमारे ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले.

आपल्या भाषेत अडकणे आणि रखडणे यांत भेद आहे. घाटात एसटी बंद पडली की आपण रखडतो. दुसरी गाडी येणार असते, प्रश्न वेळेचा असतो. अडकणे म्हणजे वाटच नसणे. २०२४मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे आठवड्याभराच्या मोहिमेसाठी स्टारलायनरमधून स्थानकावर गेले आणि यानाच्या इंजिनांतील बिघाडामुळे २८६ दिवस राहिले, तेव्हा आपल्याकडील वृत्तपत्रे व वाहिन्या 'अडकलेल्या सुनीता' हेच लिहीत-बोलत राहिल्या. नासाला तो शब्द मान्य नव्हता, आणि यावेळी आम्ही नासाच्या बाजूचे आहोत. स्टारलायनर रिकामेच परत धाडले गेले, सप्टेंबरात ड्रॅगन यान चारांऐवजी दोघांनाच घेऊन वर आले, उरलेल्या दोन जागा या दोघांसाठी होत्या. ते रखडले होते. अडकले होते ते कोलंबियातील सात जण, आणि ते त्यांना ठाऊक नव्हते. सोळा दिवस ते दोन पाळ्यांत प्रयोग करत राहिले. सफायर यांच्या त्या कागदातील भीषण सरळपणाही त्यांच्या वाट्याला आला नाही.

कोलंबियानंतर नासाने प्रत्येक शटलमागे सुटकेच्या उड्डाणाची योजना बांधली. बहुतेक मोहिमा स्थानकाकडे जाणाऱ्या असल्याने तेथेच आसरा घेऊन वाट पाहणे शक्य होते. अपवाद हबल दुर्बिणीचा. तिची कक्षा स्थानकापासून पार वेगळी, म्हणून जानेवारी २००४मध्ये प्रशासक शॉन ओ'कीफ यांनी तिच्या दुरुस्तीची मोहीमच रद्द केली. त्यांच्यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. ती करणाऱ्यांनी त्यांच्या जागी बसून पाहावयास हवे होते असे आम्हांस वाटते. पुढे मायकेल ग्रिफिन यांनी ती मोहीम पुन्हा मंजूर केली, पण एका अटीवर. मे २००९मध्ये अटलांटिस हबलकडे निघाले, तेव्हा शेजारच्या मंचावर एंडेव्हर उभे होते आणि क्रिस फर्ग्युसन यांच्यासह चौघे तयार होते. या न झालेल्या उड्डाणाला क्रमांकही होता: एसटीएस-४००. वर गेल्यावर यांत्रिक हाताला बसवलेल्या कॅमेऱ्यांनी अटलांटिसची उष्णतारोधक फरशी कसून तपासली गेली, निर्वाळा मिळाला आणि एंडेव्हर मोकळे झाले.

जुलै २०११मध्ये शेवटचे शटल उडाले, त्याचे प्रमुखही फर्ग्युसनच होते. तोवर सुटकेसाठी दुसरे शटल उरले नव्हते. म्हणून त्या मोहिमेत चारच माणसे होती. यान बिघडले असते तर त्यांना स्थानकावर थांबून, सोयुझमध्ये जागा मिळेल तसतसे एकेकट्याने परतावे लागले असते.

नोव्हेंबर २०२५मध्ये चीनच्या थिएनकुंग स्थानकावर शेनझोऊ-२० यानाच्या खिडकीला बारीक तडे आढळले. अवकाशातील कचऱ्याचा एखादा कण लागला असावा असा तर्क होता. ५ तारखेचे परतणे थांबवण्यात आले. नुकत्याच येऊन पोहोचलेल्या पुढच्या तुकडीचे यान घेऊन आधीचे तिघे १४ नोव्हेंबरला उतरले. वर राहिलेल्या तिघांपाशी आता ते तडा गेलेले यान तेवढे उरले होते. एक यान उडते तेव्हा दुसरे जमिनीवर सज्ज ठेवावयाचे, अशी चीनची पद्धत आहे. ते दुसरे, शेनझोऊ-२२, २५ नोव्हेंबरला रिकामे वर गेले.